मेसच्या कपाटातला उजेड

लखनौ छावणीतल्या आमच्या मेसमध्ये मेडलांचं काचेचं कपाट नव्याने करायचंय. प्रश्न आला: फायबर ऑप्टिक की एलईडी?

जुन्या कपाटात हॅलोजन होते. त्यात १९७१ चं एक वीरचक्र. त्याची फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. केशरी बाजू आता पिवळट झालीय. ज्यांनी ते मिळवलं, त्यांचा मुलगा मध्यंतरी येऊन पाहून गेला. काही बोलला नाही.

फायबर ऑप्टिकचा गुण मोठा. दिवा कपाटाबाहेर, आत फक्त उजेड. पण दिवा दोन-तीन हजार तासांत जातो, आणि युनिट हललं की नव्या ठिकाणी दुरुस्तीला माणूस शोधा. म्हणून माझं मत एलईडीला. अतिनील किरण जवळजवळ नाहीत. मात्र ड्रायव्हर कपाटाबाहेर हवा; लखनौचा जून आधीच पुरेसा तापलेला असतो.

दिवा कुठलाही घ्या, रंग उडतो तो एकूण उजेडाने. कापडासाठी संग्रहालयं ५० लक्स धरतात. ५०० लक्सचा एक तास म्हणजे ५० लक्सचे दहा तास. तेव्हा एक बटण बसवा: पाहुणा आला की चालू, गेला की बंद.

फीत नवी मिळते हो. पण ती त्यांच्या छातीवर लागलेली नसते.