पावलं मोजता, पण झाड पाहता का?

सकाळी फिरायला जाता, उत्तम! पण कानात इअरफोन आणि लक्ष १०,००० पावलांच्या आकड्यावर. पायांना व्यायाम होतो. मन मात्र कालच्याच भांडणात अडकलेलं असतं. मग त्याच मनाच्या शांतीसाठी पैसे भरून ‘माइंडफुलनेस’चं ॲप घेता. हे मला अजिबात पटत नाही.

वर्तमान क्षणात राहायला शिकवणी लागत नाही. चैत्रात पिंपळाची तांबूस पालवी हिरवी होताना रोज पाच मिनिटं नुसती पाहा. मन भरकटलं की पुन्हा पानावर आणा. ध्यान म्हणतात ते हेच.

हा केवळ कवींचा विषय नाही. रॉजर उलरिक यांचा १९८४ सालचा अभ्यास ४६ रुग्णांचा, म्हणजे छोटाच. पण पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

आणि अध्यात्म? तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जात, ते उगाच नव्हे. आपल्यावाचूनही हे सगळं सुरू आहे, हे झाडाखाली उमगतं. ‘मी’ लहान होतो, तशी काळजीही लहान होते.

मात्र म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नका. आणि पार्किंगसाठी सोसायटीतलं झाड तोडायचा ठराव आला, तर गप्प बसू नका. विरोधात हात वर करा. तेही आरोग्याचंच काम आहे.