बिनकामाची टेकडी



माझं गाव तीर्थपुरी, जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं. गोदावरीच्या खोऱ्यातला हा सपाट मुलूख. कापूस, तूर, ऊस, मोसंबीची काळी रानं नजर पोचेल तिथवर पसरलेली. उंचावरून काही बघायचं तर तालुक्यातून जाणाऱ्या जायकवाडीच्या कालव्याचा भराव, नाहीतर घराची गच्ची. आणि गच्चीवर आम्ही जातो त्या पापड-कुरडया वाळत घालायला. त्यामुळे या अंकाचं संपादकीय टेकड्यांवर आहे म्हटल्यावर काहीजणींना हसू येईल. गटाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा आम्हालाही आलं होतं.

विषय काढला ऊसतोडीला जाणाऱ्या एका मैत्रिणीनं. ती म्हणाली, "दरसाली ट्रकमधून डोंगर दिसतेत. सहा-सहा महिने समोरच असतेत. पर वर काय हाय, ते कधी पाह्यलं न्हाई." मग आम्ही प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला. देवाचं निमित्त नसताना तू कधी डोंगर चढलीस का? अठराजणी होतो. एकीचाही हात वर झाला नाही. माझाही नाही.

लगेच दुसरी बाजूही निघाली. रेशनचं भांडण चालू आहे, दोघींच्या पोटगीच्या तारखा आहेत, मारहाणीची नवी केस आली आहे, आणि आपण सहली काढायच्या? हा प्रश्न खोटा नाही. मीही बराच वेळ त्याच बाजूनं बोलत होते. पण २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीचे आकडे कुणीतरी वाचून दाखवले. दिवसभरात शंभरातल्या ८१ बायका बिनपगारी घरकाम करतात, पुरुष मात्र २६. करणाऱ्या बाईची त्यात रोज २९९ मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषाची ९७. शेतातली मजुरी यात धरलेली नाही. मजुरीसाठी आपण भांडतो, जमिनीवर नाव लागावं म्हणून भांडतो. मग स्वतःच्या एका दिवसासाठी भांडायला लाज का वाटावी?

पहिली टेकडी जवळचीच निवडली, अंबडच्या मत्स्योदरी देवीची. माशाच्या आकाराची म्हणून मत्स्योदरी. नवरात्रात तिथं मोठी यात्रा भरते, आणि आमच्यातल्या बहुतेकजणी तेव्हाच काय त्या गेलेल्या. आम्ही मुद्दाम साधा दिवस धरला. तोही गावच्या बाजाराचा, म्हणजे कुणाची मजुरी बुडू नये. एसटीनं गेलो. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आहे, त्याचा फायदा अशा वेळी कळतो.

पायऱ्या चढताना साठी ओलांडलेली एक मावशी मध्येच थांबली आणि मागं वळून उभी राहिली. खाली अंबड गाव, पलीकडे रानं. म्हणाली, "इतक्यांदा आले, पर पाठ फिरवून कधी पाह्यलंच न्हाई. चढताना ध्यान देवीकडं, उतरताना घरच्या भाकरीकडं." आम्ही पाऊण तास तिथं नुसत्या बसलो. कुणी शेंगा सोलल्या, कुणी आपलं शेत कोणत्या अंगाला असेल यावर वाद घातला.

एक मैत्रीण मात्र पायथ्याशीच बसून राहिली. तिला अडचण आली होती. आम्ही पुष्कळ समजावलं, ती उठली नाही. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका गेल्या, तेव्हा आपण पेढे वाटले होते. पण मनातला चौथरा निकालानं उतरत नाही. परतीच्या एसटीत तिनंच विचारलं, "जिथं देव न्हाई अशी टेकडी न्हाई का एखादी?"

म्हणून दुसऱ्या खेपेला दौलताबाद. सगळ्यांनी पैसे काढून गाडी केली, पहाटे निघालो. सुमारे २०० मीटर उंचीची ती एकाकी टेकडी, खडक तासून उभा केलेला कडा, खंदक, मग अंधारी. अंधारीत आम्ही एकमेकींचे पदर धरून ओरडत गेलो, आणि बाहेर उजेडात आल्यावर स्वतःलाच हसलो. वर बारादरीपाशी पोचलो तेव्हा खाली चांदमिनार खांबासारखा दिसत होता. हा मिनार १४४५ च्या सुमाराचा. त्याआधी यादवांची राजधानी इथेच होती. १३२७ मध्ये महंमद तुघलकानंही आपली राजधानी इथं आणली. शाळेत हे सगळं राजांच्या नावांनी पाठ केलं होतं. वर उभं राहिल्यावर पहिल्यांदा वाटलं, हे दगड वाहणारे हातही होते, आणि त्यात बायकांचे नसतील असं कसं म्हणावं?

मागच्या वेळी पायथ्याशी बसलेली मैत्रीण या वेळी सगळ्यांच्या पुढे होती.

उतरताना एका गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही सगळ्या एकट्याच आलात?" सतराजणी होतो! सतरा बायका मिळूनही एकट्याच, कारण सोबत पुरुष नाही. हसण्यावारी नेलं, पण हा प्रश्न हसण्यासारखा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याच्या बोपदेव घाटात एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, तेव्हाही 'ती तिथं रात्री गेलीच कशाला' असं विचारणारे निघालेच. गुन्हा करणाऱ्याला असा प्रश्न कुणी विचारत नाही. टेकड्या बंद करणं सोपं असतं. तिथं दिवे, वर्दळ आणि गस्त आणणं कठीण असतं. आपण ते कठीण काम मागितलं पाहिजे.

आमच्या एका तरुण मैत्रिणीला या दिवसाची किंमत मोजावी लागली. घरी परतायला रात्रीचे नऊ वाजले. तिला दाराबाहेर उभं ठेवलं, आणि त्यानंतर बैठकीला येणंही बंद केलं. आम्ही दोनदा तिच्या घरी जाऊन आलो. हे लिहिते आहे तोवर ती परत आलेली नाही. सहलीनं बाई मोकळी होते असं म्हणायचं असतं तर मी हा परिच्छेद गाळला असता. पण पोटगीच्या केसइतकंच हे भांडण खरं आहे, हे तिच्यामुळेच कळलं. ज्या घरात एका दिवसाचा हिशेब द्यावा लागतो, तिथं बाकीच्या तीनशे चौसष्ट दिवसांवर हक्क कुणाचा हे वेगळं विचारायला नको.

आपल्याच भागातली एक गोष्ट सांगते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला निघाला होता. समोरच्या डोंगरावरून त्याला दरीपलीकडे अजिंठ्याची लेणी दिसली. आसपासच्या लोकांना ती आधीपासून ठाऊक होती, पण इतिहासात नाव लागलं ते त्याचं. त्याच्याजवळ मोकळा दिवस होता. उंचावर जाऊन आजूबाजूला बघायला त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. लेण्यांसमोरच्या त्या डोंगरावरून आजही लोक अजिंठा बघतात. आमची तिसरी खेप तिथंच ठरते आहे.

ज्या गटांना जायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. भोकरदन तालुक्यातली राजूरच्या गणपतीची टेकडी लहान आहे, वयस्क बायकांना झेपते. खुलताबादजवळचं म्हैसमाळ पावसाळ्यात हिरवंगार असतं, रस्ता वरपर्यंत जातो. दिवस ठरवताना मजुरीचा आणि बाजाराचा विचार करा, नाहीतर फक्त शेत असलेल्याच येतील. आणि गेल्यावर तीन गोष्टी पाहून लिहून ठेवा : बायकांसाठी वापरण्याजोगं संडास आहे का, प्यायचं पाणी आहे का, परतीची शेवटची एसटी किती वाजता. या नोंदी जमा झाल्या की आपण ग्रामपंचायत, आगार आणि पुरातत्त्व खात्याकडे अर्ज घेऊन जाऊ. अर्ज करण्यात आपण काही नवख्या नाही.

आणि हो, घरी विचारतील, कशाला जाता? नवस, दवाखाना, शिबिर, कुठलंही निमित्त सांगू नका. 'बघायला' म्हणा. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते, माझीही अडखळली. कुठं गेलात, घरी काय ऐकून घ्यावं लागलं आणि वरून काय दिसलं, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात दोन पानं तुमच्या पत्रांसाठी राखून ठेवली आहेत.