इयत्ता बदलली, विचाराचे काय?

पाचवी व आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी व सातवीत नेण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये घेतला. या परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी असल्याने मुलांच्या वयाचा प्रश्न गौण मानता येणार नाही.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी मुलांच्या हाती लंबक देऊन विचारले होते, त्याचा झोका जलद वा संथ कशामुळे होतो? नऊ-दहा वर्षांची मुले दोरीची लांबी आणि वजन एकदमच बदलत आणि फसत. किशोरवयीन मुले मात्र एकच घटक बदलून बाकीचे कायम ठेवीत. 'लांबी' हे उत्तर त्यांना सापडे.

पुढील संशोधनाने या वयोमर्यादा तितक्या काटेकोर नसल्याचे दाखविले. शालेय शिक्षण व अनुभवानुसार त्या मागेपुढे होतात. म्हणजेच ही क्षमता केवळ वयाने येत नाही, ती घडवावी लागते. चौथीतील मूल हाताळता येणाऱ्या वस्तूंवरून उत्तम तर्क करते. त्याच्याकडून आकृत्यांच्या क्लृप्त्या घोटून घेतल्यास गुण वाढतील, तर्कशक्ती नव्हे.

इयत्ता ठरली. प्रश्नपत्रिका विचाराला चालना देणार की शिकवणी वर्गांना, हे ठरविण्याची जबाबदारी आता शासनाची आहे.