आधी इंजिन खोला, मग रंगाचं बोला

सटाण्यात हल्ली ‘रिस्टोर केलेली’ म्हणून मिरवणाऱ्या जुन्या मोटारसायकलींपैकी बहुतेक नुसत्या रंगवलेल्या आहेत. हे कुणाला झोंबलं तरी मी मागे घेणार नाही.

ठरलेलाच प्रकार आहे. डाळिंबाचे चार पैसे सुटले की कुणाच्या तरी कांदाचाळीमागं गंजत पडलेली राजदूत घरी येते. टाकी रंगाला जाते, हँडल आणि रिमा निकेलला, सीट शिवायला. इंजिनाचं विचारलं की उत्तर तयार असतं: “चालू आहे ना, एका किकमध्ये उठतं.” मग त्याच इंजिनावर चंदेरी रंग फासला जातो, फोटो निघतात आणि गाडी चढ्या भावानं पुढच्याच्या गळ्यात पडते. वरून कीर्तन, आतून तमाशा. मी याला सरळ फसवणूक म्हणतो.

राजदूत म्हणजे काय होतं, हे आजच्या पोरांना सांगायला हवं. एस्कॉर्ट्सची 173 सीसीची टू-स्ट्रोक गाडी, घडण पोलंडच्या एसएचएलवरून घेतलेली, गिअर तीनच. 1973 च्या ‘बॉबी’ सिनेमानं नाव केलं ते याच घराण्यातल्या छोट्या जीटीएसचं. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकवून कच्च्या रस्त्यानं वर्षानुवर्षं राबली ती ही थोरली. राबलेल्या इंजिनाची झीज रंगानं भरून निघत नाही.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. खाली येणारा पिस्टन तिथलं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबून वर ढकलतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या गाडीत क्रँकचे ऑइल सील कडक होतात आणि हा पंप फुटका होतो. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते. पेट्रोलचं प्रमाण घटतं, आणि ऑइल पेट्रोलमधूनच येत असल्यानं वंगणही घटतं. पिस्टन तापतो आणि भर रस्त्यात जाम होतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्समधलं ऑइल जळून पांढरा धूर निघतो. “जुनी गाडी आहे, धूर मारणारच,” असं सांगणारा विक्रेता एक तर अडाणी आहे नाही तर लबाड.

संशय फिटतो तो हेड आणि ब्लॉक उतरवल्यावरच. पिस्टन वर आणून कनेक्टिंग रॉड धरा आणि सरळ वर-खाली ओढा. आडवा थोडा हलला तर चालतं, पण वर-खाली खट्ट वाजला की बिग एंड गेलंच समजा. मग क्रँक प्रेसवर दाबून सुटा करायचा, नवा रॉड बसवायचा आणि डायल गेज लावून पुन्हा सेंटरला आणायचा. हातोड्यानं ठोकून बसवलेला क्रँक नवीन बेअरिंगही खाऊन टाकतो. ब्लॉकच्या वरच्या कडेखालून नख फिरवा. पायरी लागली तर बोअर मारावाच लागतो. त्यासाठी ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात हवा, कारण बोअर त्याच्या मापानं होतो. बोअरनंतर पोर्टच्या धारदार कडा गोल केल्या नाहीत तर रिंग अडकून तुटते.

खोलण्याआधीही इंजिन बरंच सांगतं. कव्हरच्या स्क्रूंवर छिन्नीचे घाव, जोडावर एम-सीलचा थर, नंबरपाशी कानस मारल्याच्या खुणा. क्रँककेसचे दोन अर्धे भाग जोडीनंच मशिन केलेले असतात, भंगारातला उजवा आणि दुसरीकडचा डावा मिळवून इंजिन होत नाही. इंजिन नंबर आणि आरसी बुक जुळत नसेल तर तिथून निघून जा. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करून घ्यावं लागतं, आणि तिथं चंदेरी रंग कामाला येत नाही.

मला खरी चीड येते ती याची, की रंगाला हजारो रुपये न कुरकुरता मोजणारा माणूस बोअरिंगच्या दोनशे रुपयांसाठी लेथवाल्याशी वाद घालतो. शतांश मिलिमीटर हातानं ओळखणारी ही माणसं सटाण्यात, मालेगावात अजून आहेत. त्यांच्या कामाचा फोटो निघत नाही, म्हणून त्याला किंमत नाही? त्यांची पोरं हा धंदा धरायला तयार नाहीत, यात या घासाघिशीचा वाटा मोठा आहे.

तेव्हा गाडी घेणाऱ्यांनी आता ताठ व्हावं. मालक इंजिन खोलून दाखवायला तयार असेल तर बसून बोला. नसेल, तर गाडी कितीही चकाकू दे, तिचा भाव भंगाराच्या काट्यावर ठरवा.