रोग आणि रोगी

घरातील कर्त्या माणसाला फुप्फुसाचा कर्करोग झाला की, भेटीस येणारे लोक बहुधा एकच प्रश्न विचारतात, ‘विडी-सिगारेट ओढत होते काय?’ प्रश्न साधा असतो. पण अंथरुणावर पडलेल्या रोग्याला तो शिक्षेसारखा वाटतो. घरातील मुलेही गोंधळून जातात. वडिलांची शुश्रूषा करावी, की त्यांच्यावर रागवावे, हे त्यांना उमजत नाही.

तंबाखूचा धूर घातक आहे, याविषयी आता शंका उरलेली नाही. रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल या इंग्रज संशोधकांनी लंडनमधील रुग्णालयांतील रोग्यांची बारकाईने चौकशी केली आणि धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा निकटचा संबंध १९५० साली दाखवून दिला. डॉल स्वतः धूम्रपान करीत असत. हाती आलेले पुरावे पाहून त्यांनी ती सवय सोडून दिली. टेंभुर्णीच्या पानात वळलेली विडी सिगारेटपेक्षा निरुपद्रवी असते, ही समजूतही खोटी आहे.

मग रोग्याला दोष का देऊ नये? त्याची कारणे आहेत. हा रोग झालेल्या प्रत्येकाने धूम्रपान केलेलेच असते असे नाही. कित्येकांनी आयुष्यात एकदाही विडी ओठांना लावलेली नसते. दुसऱ्याने सोडलेला धूरही शेजारी बसणाऱ्याला बाधतो. शिवाय, ज्यांना ही सवय जडते, त्यांतील पुष्कळांना ती कोवळ्या वयातच जडलेली असते. तंबाखूतील निकोटिन हे द्रव्य मनुष्याला आपला दास करून सोडते. सवय सोडावी असे मनापासून वाटूनही अनेकांना ते साधत नाही.

रोग्याला क्षमा केली, तर मुलांना व्यसनाचे भय उरणार नाही, असे कोणी म्हणेल. परंतु माया करणे म्हणजे व्यसनाला मान डोलावणे नव्हे. टोचून बोलल्याने रोग बरा होत नाही. उलट, लज्जित झालेला मनुष्य आपले दुखणे लपवितो आणि उपचारास विलंब होतो. धीर मिळाला, तर तोच मनुष्य विडी टाकून देण्यास प्रवृत्त होतो. रोग जडल्यानंतरही धूम्रपान सोडल्यास उपचारांना साहाय्य होते.

सार्वजनिक जागी धूम्रपान करण्यास भारतात २ ऑक्टोबर २००८ पासून कडक नियमांनी बंदी आहे. पण घराच्या उंबरठ्याच्या आत कायद्याचा हात सहसा पोहोचत नाही. तेथे मुलांचा शब्द पोहोचतो. ‘बाबा, घरात धूर नको,’ असे मुलाने नम्रपणे, पण निश्चयाने सांगावे. वडील आजारी पडलेच, तर त्यांच्या उशाशी बसावे, त्यांना औषध द्यावे, आणि आपण स्वतः तंबाखूला कधीही स्पर्श न करण्याचा निश्चय करावा. राग धरायचा तो धुरावर धरावा. धुराने ज्याला गाठले, त्या माणसावर नव्हे.