पाणी प्या, पण जायचं कुठे?

वर्षभर एका सल्ल्याने या दिवाळी अंकाच्या संपादकांचं डोकं उठवलं. मोबाइलवरचे आरोग्यसंदेश, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, हळदीकुंकवाला बोलावलेल्या डॉक्टरीणबाई, सगळ्यांचा सूर एकच: बायकांनो, पाणी भरपूर प्या, मूत्रमार्गाचे संसर्ग टळतील. सल्ला खरा आहे. पण पाणी पिऊन झाल्यावर जायचं कुठे, हे सांगायला कोणी थांबत नाही.

2025 मध्ये बाकी काही घडलं नाही असं नाही. शाळेत पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान पेटलं, दोन ठाकरे बंधू एका मंचावर आले, शिवरायांचे किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्याची उभी पिकं नेली. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. यंदाच्या अंकाचा विषय ‘गरज’ आहे, म्हणून हे पान मुतारीला. फराळाच्या ताटापुढे हा विषय काढल्याबद्दल जुने वाचक रागावणार नाहीत. त्यांना या अंकाची खोड ठाऊक आहे.

लांबच्या एसटी प्रवासाला निघालेली बाई बघावी. सकाळचा चहा ती अर्धाच घेते. पिशवीत बाटली असते ती मुलांसाठी; स्वतः नुसती चूळ भरते, फार तर घसा ओला होईल एवढा घोट. कुठल्या स्टँडवर गाडी किती वेळ थांबते, कुठली मुतारी पाय ठेवण्याजोगी आहे, कुठल्या दाराला कडी नाही, हे सगळं तिला पाठ असतं. यात अडाणीपणा कुठला? हा चोख हिशेब आहे. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट पडतं, हे उत्तमच झालं. पण अर्ध्या तिकिटातही तहान पूर्ण मारावी लागते.

मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लोने 1943 मध्ये गरजांची उतरंड मांडली, शरीराच्या गरजा सर्वांत आधी. ती आता कंपन्यांच्या शिबिरांत हटकून पडद्यावर झळकते. शिबिर भरवणाऱ्यांनी चहाच्या सुट्टीत बायकांच्या स्वच्छतागृहापुढची रांगही एकदा मोजावी.

ही गरज रेटली की व्यवस्था हलते, याचा जुना दाखला आहे. 1909 मध्ये ओखिल चंद्र सेन या बंगाली प्रवाशाने रेल्वेला पत्र लिहिलं. फणस खाऊन पोट फुगलं, अहमदपूर स्टेशनात ते शौचाला गेले, तेवढ्यात गार्डने शिट्टी दिली आणि एका हातात लोटा, दुसऱ्यात धोतर सावरत पळताना ते फलाटावर सर्वांदेखत पडले. खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचालयं येण्याशी हे पत्र नेहमी जोडलं जातं. योगायोग असा की, काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला मराठी दिवाळी अंक काढला तोही 1909 मध्येच. दिवाळी अंकाशी या विषयाचा संबंध हवाच असेल, तर हा घ्या.

ओखिलबाबूंची फजिती उघड्यावर झाली म्हणून ती कागदावर उतरली. बाई मुकाट्याने कळ सोसते, त्याची नोंद होत नाही. मुंबईत 2011 मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली ती साध्या प्रश्नावरून: पुरुषांची मुतारी फुकट, मग बायकांकडून पैसे का? बाई दार लावून आत काय करते ते कळत नाही, म्हणून शौचालयाचाच दर लावतो, असं पैसे घेणाऱ्यांचं म्हणणं होतं. या युक्तिवादापुढे मॅस्लोनेही हात टेकले असते.

बायकांच्या स्वच्छतागृहांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला तो विद्या बाळ यांनी 1989 मध्ये सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाने. मराठी मासिकांची इभ्रत राखणारी ही गोष्ट आहे. डिसेंबर 2015 मध्ये न्यायालयाने महापालिकांना बजावलं की बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं पुरवणं हे त्यांचं कर्तव्यच आहे. आणि जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला देशभरच्या न्यायालयांमध्येच स्वच्छतागृहं बांधण्याचा आदेश द्यावा लागला!

शहरात निदान कोर्टाची पायरी तरी आहे. उसाच्या फडात तीही नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. कामाचा दिवस बुडला की मुकादम खाडा, म्हणजे दंड, लावतो. आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, पाळी आली तरी मोळी डोक्यावर घ्यायचीच. 2019 मध्ये सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. डॉक्टरांनी घातलेली भीती हेही त्यामागचं एक कारण होतंच. पण खाडा आणि आगाऊ घेतलेली उचल यांच्या हिशेबात शरीराचा एक अवयवच खर्ची टाकावा लागतो, तिथे ‘पाणी भरपूर प्या’ म्हणणाऱ्यांनी थोडं गप्प बसावं.

स्वच्छतागृहं पुरवणं हे ज्यांचं कर्तव्य, त्या राज्यातल्या बऱ्याच महापालिकांवर 2025 पर्यंत तीनेक वर्षं प्रशासक होते. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका 31 जानेवारी 2026 पर्यंत उरकायला सांगितल्या. निवडणूक आली की उमेदवार दारात येतातच. वाचकांनी त्यांना पाणी जरूर द्यावं आणि विचारावं: या प्रभागात बायकांसाठी फुकट मुताऱ्या किती, आणि त्यांतल्या किती रात्री नऊनंतर उघड्या असतात? उत्तरं अंकाच्या पत्त्यावर कळवावीत. पुढच्या दिवाळीत ती प्रभागवार छापली जातील.