संकल्प आणि शिरोरेषा

सुरतेतल्या मराठी कुटुंबाला वर्षातून तीनदा नवे वर्ष भेटते. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला शेजाऱ्यांचे बेसतुं वरस, मग जानेवारीची पहिली तारीख, आणि चैत्रात आपली गुढी. संकल्प करावयास तीन मुहूर्त, मोडावयासही तीनच!

आमच्या कतारगामात हिरे घासणाऱ्या कारागिराची मजुरी बहुधा नगावर ठरते. 'पुष्कळ काम करीन' या वाक्याला त्याच्या घंटीपाशी काही अर्थ नसतो. दिवाळीला चोपडापूजन करणारा व्यापारीही नव्या वहीत अखेर आकडेच मांडतो. आम्हा शिक्षकांचे संकल्प मात्र विशेषणांचे: अधिक, उत्तम, नियमित. गेल्या पाडव्याला मी ठरविले होते, 'घरात मराठीचे वातावरण वाढवावयाचे.' वातावरण मोजावे कशाने? ज्येष्ठ उजाडेपर्यंत ते विरून गेले.

१८४४ साली याच सुरतेत मानवधर्म सभेच्या स्थापनेत ज्यांचा वाटा होता, त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी त्यापूर्वीच, १८३६ साली, मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. भाषासेवा हा शब्द फार मोठा आहे; व्याकरणाचे पुस्तक ही हाती घेऊन पुरी करता येण्याजोगी गोष्ट.

दिवाळीत धुळ्याहून माझ्या आक्काचे पत्र आले. ते तिने मुद्दाम माझ्या मुलीच्या नावे लिहिले होते. मुलगी गुजराती माध्यमात नववीत शिकते. तिने पत्र दोन्ही बाजूंनी पाहिले आणि माझ्या हाती देत म्हणाली, "बाबा, तुम्हीच वाचून दाखवा ना." मराठीचा एम. ए., शाळेचा मुख्याध्यापक, आणि घरात ही स्थिती! मी वाचून दाखविले, पण मधेच घसा दाटून आला.

त्याच आठवड्यात आम्हा दोघांचे ठरले: दर रविवारी आक्काला एक पोस्टकार्ड, मराठीत, दहा ओळी, लिहिणार ती, मी केवळ शेजारी बसणार. पहिल्या कार्डावरच्या एकाही अक्षरावर रेघ नव्हती. गुजराती लिपीला शिरोरेषा नसते, हाताला तेच वळण. आक्काचे उत्तर आले, "पोरी, तुझी अक्षरं बोडक्या डोक्यानं आली गं. पण आली, हे बरं झालं."

आजवर सतरा कार्डे गेली. तीन रविवार चुकले. त्यांतला एक उत्तरायणाचा, पतंग आणि उंधियूमुळे, आणि त्याचा दोष माझ्याकडे आहे. परवाच्या कार्डात मुलीने नऊच ओळी लिहिल्या, आणि दहावीसाठी मला विचारले, "बाबा, 'आठवण' मधला ण कसा काढायचा?"